मदत हवी आहे: पुराचं गणित गेमिंग कार्डावर ३२ बिटांत भरवशाचं होईल का?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. विश्वामित्री नदीच्या पुराचं मॉडेल करतोय: आजवा धरणातून पाणी सोडलं आणि वरून पाऊस चालूच राहिला, तर कुठल्या सोसायटीत किती पाणी चढेल? ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्याकडे अनेकांना सामान वर न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्यामुळे उत्तर पाण्याच्या आधी यायलाच हवं.

क्षेत्र ४०० चौ. किमी, जाळी २ मीटरची, म्हणजे १० कोटी सेल (चौकटी). शॅलो वॉटर समीकरणं (उथळ पाण्याच्या प्रवाहाची), एक्सप्लिसिट फायनाइट व्हॉल्यूम (प्रत्येक सेलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा हिशोब आधीच्या स्टेपवरून थेट काढायची पद्धत), टाइम स्टेप ०.१ सेकंद. दर स्टेपला प्रत्येक सेलचे ५ आकडे वाचायचे, ३ लिहायचे. डबल प्रिसिजनमध्ये (आकडा ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइट) सेलमागे ६४ बाइट, एकूण ६.४ जीबी. माझ्या पीसीची दोन चॅनलची डीडीआर४-३२०० मेमरी सेकंदाला फार तर ५१.२ जीबी देते. ८ स्टेप झाल्या! घड्याळात एक सेकंद जातो तेव्हा मॉडेलमधला पूर ०.८ सेकंद सरकतो. कोअर वाढवून फरक पडत नाही, सगळे मेमरीपाशी अडतात.

जपानच्या फुगाकू महासंगणकातल्या ए६४एफएक्स चिपला सेकंदाला १०२४ जीबी मिळतात. हवं ते नेमकं हेच, पण ती चिप मला कोण देणार? आरटीएक्स ३०६० हे गेमिंग कार्ड आवाक्यात आहे, ३६० जीबी देतं. मात्र त्याचा डबलचा वेग सिंगलच्या (३२ बिटी आकड्यांच्या) १/६४. सेलमागे २०० क्रिया धरल्या तर सेकंदाला १० स्टेपवर गाडी थांबते. प्लेस्टेशन ३ च्या ‘सेल’ नावाच्या प्रोसेसरचंही हेच दुखणं होतं. रोडरनर या महासंगणकासाठी आयबीएमने डबलमध्ये वेगवान अशी पॉवरएक्ससेल ८आय चिप काढली आणि २००८ मध्ये पेटाफ्लॉप (सेकंदाला १,००० लाख कोटी क्रिया) गाठला.

सिंगलमध्ये सेकंदाला शंभरच्या वर स्टेप निघतील. पण मी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ठेवतो, सुमारे ३५ मीटर. तिथे ३२ बिटांतल्या दोन लागोपाठच्या आकड्यांत ०.००३८ मिमीचं अंतर असतं. तासाला २० मिमी पाऊस धरला तर एका स्टेपला ०.०००५६ मिमी. बेरीज केली की पाऊस गायब, पातळी जागची हलत नाही.

कोणी असं काम सिंगलमध्ये निभावलंय का? की डबल चांगलं असलेलं जुनं कार्ड शोधू?

प्रतिसाद १
पातळी नको, खोली साठवा. १ सेंमी खोलीला ३२ बिट भरपूर आहेत. २ मीटर खोलीला मात्र तुमचा थेंब शेवटच्या दोन-तीन बिटांत येतो, म्हणून खोलीपुरती काहान बेरीज (बेरजेत गळालेला बारीक भाग वेगळा जपून पुढच्या वेळी मिळवायची युक्ती) लावा. सेलमागे ८ बाइट वाढतील, परवडतं. उतार काढताना खोलीतला फरक आणि जमिनीतला फरक वेगवेगळे काढून मग मिळवा, नाहीतर स्थिर तळ्यातही लाटा उठतील. आधी बंद खोऱ्यात नुसता पाऊस पाडा आणि एकूण पाणी जुळतंय का ते बघा. आमच्याकडे निम्म्या चुका तिथेच सापडल्या.

प्रतिसाद २
जुनं घ्यायचंच तर एनव्हिडियाचं टेस्ला पी१०० हे सर्व्हरचं कार्ड, १६ जीबीचं. मेमरीची बँडविड्थ सेकंदाला ७३२ जीबी, डबलचा वेग ४.७ टेराफ्लॉप (सेकंदाला ४.७ लाख कोटी क्रिया). त्याला स्वतःचा पंखा नसतो, ते सर्व्हरच्या वाऱ्यावर चालतं. पीसीत लावणार असाल तर मागून ब्लोअर जोडा. पॉवरचा प्लग सीपीयूवाला ८ पिनचा लागतो, ग्राफिक्स कार्डाचा नाही. बायोसमध्ये ४ जीबीच्या वरचं ॲड्रेसिंग चालू होतं का, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.