‘डोळा’ या अर्थाचा ‘माता’ : ऑस्ट्रोनेशियन भाषांतील एका शब्दाविषयी शंका

बोरू यांचा प्रश्न

गेले काही आठवडे मी ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे तैवानपासून पॅसिफिकमधील पॉलिनेशियाच्या बेटांपर्यंत आणि मादागास्करपर्यंत पसरलेल्या कुळातील, भाषांमधील शरीरावयवांच्या नावांचा तक्ता करत आहे. त्यात सर्वांत ठळकपणे जुळणारा शब्द ‘डोळा’ या अर्थाचा आहे. मलय, फिलिपिन्समधील टागालोग, फिजियन, सामोअन आणि ताहितियन या भाषांत तो ‘माता’ असा येतो, हवाईयनमध्ये ‘माका’ होतो आणि मादागास्करच्या मालागासीमध्ये ‘मासु’ असा ऐकू येतो. ही सर्व रूपे मी एकाच रकान्यात लिहून टाकली आहेत.

अडचण अर्थांची आहे. मलयमध्ये ‘माताहारी’ म्हणजे सूर्य (शब्दशः ‘दिवसाचा डोळा’), ‘माता आयेर’ म्हणजे पाण्याचा झरा, ‘माता पिसाऊ’ म्हणजे सुरीचे पाते आणि ‘माता काकी’ म्हणजे पायाचा घोटा. मग मूळ शब्दाचा अर्थ डोळा हाच होता, की टोक किंवा केंद्र असा काही व्यापक अर्थ होता व डोळा हा त्यातून निघाला? शिवाय आधुनिक ग्रीकमध्येही डोळ्याला ‘माती’ म्हणतात, असे वाचल्यापासून मी अधिकच गोंधळलो आहे.

वर्णविचार यांचे उत्तर

ग्रीकचा प्रश्न आधी निकालात काढतो. ग्रीक ‘माती’ हा ‘ओम्मातिओन’ या जुन्या शब्दाचा झिजून उरलेला भाग आहे. तो ‘ओम्मा’ म्हणजे डोळा या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होता. म्हणजे जितके मागे जावे तितके हे दोन शब्द एकमेकांपासून दूर जातात. मराठीतील ‘माता’ (आई) या शब्दाशी असलेले साम्यही असेच निव्वळ कानापुरते आहे. ग्रीकचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि तरीही दर वेळी कोणीतरी त्याला फसतेच.

ऑस्ट्रोनेशियन शब्दांचे नाते मात्र केवळ सारखे ऐकू येण्यावर उभे नाही. तैवानमधील पैवान भाषेत डोळ्याला ‘मात्सा’ म्हणतात आणि ‘सात’ या संख्येला ‘पित्यु’. टागालोगमध्ये हेच शब्द अनुक्रमे ‘माता’ आणि ‘पितो’ असे आहेत. पैवानमध्ये जिथे ‘त्स’ आणि ‘त्य’ असे दोन वेगळे वर्ण दिसतात, तिथे टागालोगमध्ये दोन्हीकडे एकच ‘त’ आहे, आणि हा फरक याच दोन शब्दांपुरता नसून शब्दामागून शब्दात तसाच आढळतो. त्यावरून मूळ भाषेत दोन भिन्न वर्ण होते, तैवानमधील अनेक भाषांनी तो भेद जपला आणि तैवानबाहेर पसरलेल्या शाखेत ते दोन्ही एक झाले, असा निष्कर्ष निघतो. या भाषाकुळाचे मूळस्थान तैवान मानण्यामागे जे पुरावे दिले जातात, त्यांत हा एक महत्त्वाचा आहे. हवाईयन ‘माका’चे कोडे तर अगदी सरळ आहे, कारण तिथे जुना ‘त’ सर्वत्र ‘क’ झाला आहे.

आपल्या तक्त्यातील ‘मासु’ मात्र मला खटकतो. मालागासीमध्ये जुना ‘पितु’ (सात) हा ‘फितु’ झाला, ‘बातु’ (दगड) हा ‘वातु’ झाला, म्हणजे त्या जागी ‘त’ जसाच्या तसा टिकतो. शेवटचा ‘उ’ही या शब्दांत मुळातच होता, ‘आ’ बदलून आलेला नाही. त्यामुळे ‘माता’पासून ‘मासु’ कसा व्हावा, हे कोणत्याही नियमाने सांगता येत नाही. याउलट पलीकडच्या आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, बांटू कुळातील चिचेवा भाषेत डोळ्यांना ‘मासो’ आणि स्वाहिलीत ‘माचो’ म्हणतात. हा शब्द बांटू भाषांकडून उसना आला असावा, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. तो रकान्यातून काढून टाकावा, निदान त्यापुढे प्रश्नचिन्ह तरी ठेवावे.

पानगळ यांचे उत्तर

अर्थाविषयी माझे मत थोडक्यात मांडते. तैवानपासून पॉलिनेशियापर्यंत ज्या अर्थावर सर्वांचे एकमत आहे तो ‘डोळा’ हाच आहे, त्यामुळे तोच मूळ धरावा. मात्र टोक, पाते, केंद्र, अंकुर हे अर्थही खूप जुने असले पाहिजेत, कारण मलयमध्ये जसे सुरीचे पाते ‘माता’ आहे तसेच दूरच्या हवाईयनमध्येही ‘माका’ म्हणजे हत्याराची धार आणि झाडाचा कोंबसुद्धा. पॉलिनेशियात तर हा शब्द ‘चेहरा’ या अर्थानेही वापरला जातो.

यात आपल्याला नवल वाटण्याचे फारसे कारण नाही. मराठीत उसाच्या कांडीवर जिथून कोंब फुटतो त्याला आपण डोळाच म्हणतो, आणि मोराच्या पिसावरही डोळाच असतो. पण म्हणूनच अर्थाच्या साम्यावरून नाते सिद्ध करण्याचा मोह आवरावा. सूर्याला संस्कृतात ‘जगच्चक्षु’ म्हटले आहे, आणि इंग्रजीतील ‘डेझी’ या फुलाचे नावही ‘दिवसाचा डोळा’ अशाच जुन्या जोडशब्दातून आले आहे; ही कल्पना माणसाला कुठेही सुचू शकते.

बोरू

दोघांचेही आभार. तक्ता दुरुस्त केला आहे, पण त्यातून एक नवीच शंका निघाली. मालागासीमध्ये सूर्याला ‘मासुआंड्रु’ म्हणतात, म्हणजे पुन्हा ‘दिवसाचा डोळा’च. ‘मासु’ जर बाहेरून आला असेल, तर हा जोडशब्दही बाहेरचा मानायचा का? फिजियनमध्येही सूर्य म्हणजे ‘मातानिसिंगा’ आहे, आणि त्याचीही फोड तशीच होते.

वर्णविचार

शंका रास्त आहे. तिन्ही जोडशब्द शेजारी ठेवून पाहा. ‘हारी’, ‘आंड्रु’ आणि ‘सिंगा’ यांपैकी प्रत्येकाचा अर्थ दिवस असाच आहे, पण हे तीन शब्द दिसायला एकमेकांसारखे नाहीत. तेव्हा तीन ठिकाणी ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेल, किंवा जुना जोडशब्द टिकून त्यातील ‘दिवस’ तेवढा वेळोवेळी बदलत गेला असेल. पानगळ यांनी दिलेला इशारा इथेही लागू पडतो, म्हणून फिजियनविषयी मी ठाम काही म्हणणार नाही.

मालागासीच्या बाबतीत मात्र अधिक जवळचा साक्षीदार उपलब्ध आहे. या भाषेचे सर्वांत निकटचे नातलग आफ्रिकेत नसून बोर्निओच्या दक्षिण भागात, बारितो नदीच्या खोऱ्यात आहेत. भाषाशास्त्रज्ञ ओट्टो दाल यांनी 1951 मध्ये तिथल्या माआन्यान भाषेशी मालागासीची सविस्तर तुलना करून हे नाते दाखवले. त्याच परिसरातील न्गाजू भाषेत दिवसाला ‘आंदाऊ’ आणि सूर्याला ‘मातानांदाऊ’ म्हणतात. ‘आंदाऊ’ आणि ‘आंड्रु’ यांचे साम्य तर उघडच आहे. त्यामुळे जोडशब्द बोर्निओतून बरोबर नेलेला आहे आणि मादागास्करमध्ये ‘माता’च्या जागी ‘मासु’ आल्यावर त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा बदलला गेला, असे मी समजतो. आपल्या तक्त्यात ‘मासु’ डोळ्याच्या रकान्यातून काढलात, तरी ‘मासुआंड्रु’ सूर्याच्या रकान्यात राहू द्यावा; फक्त त्यातील ‘आंड्रु’खालीच रेघ ओढावी.