वरातीच्या क्लिपा आल्या की स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे सुसाट

बार्शीचा एडिटर
नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन: आय५-९४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड (६ जीबी, सेकंडहँड घेतलेलं), कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस. सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ.

रोग असा की साखरपुडा, हळद, अक्षता सगळं सुरळीत रेंडर होतं. वरात आली की स्क्रीन काळी, मॉनिटरवर 'नो सिग्नल', आणि कार्डाचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरायला लागतात. ब्राउझरमध्ये लावलेलं गाणं मात्र थोडा वेळ वाजत राहतं. पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. वरात रात्रीची, उजेड कमी, फुटेजवर दाणे येतात म्हणून तिथं ते दाणे काढणारं टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावलेलं असतं. फरक म्हणाल तर एवढाच.

तापमान ७० अंशांच्या वर जात नाही. ड्रायव्हर परत टाकला, केबल बदलली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतंय. दुकानदार म्हणतो कार्ड मेलं, नवीन घ्या. नवरीकडचे रोज फोन करतायत. आणि हो, कॅबिनेटला हात लावला की जराशा मुंग्या येतात, पण ते पहिल्यापासूनच आहे, त्याचं काही नाही.

फ्रेमड्रॉप
भावा, ड्रायव्हरवर ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) जुना साफ पुसून काढ. नेट बंद ठेव, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा टाकतं. मग स्टुडिओ ड्रायव्हर टाक. नाहीच जमलं तर कार्ड काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयवर चालवून बघ. माझ्या मित्राने कार्ड ओव्हनमध्ये भाजलं होतं, चालू झालं राव.

सोल्डरताई
ओव्हनमध्ये नानकटाई भाजा. भाजलेली कार्डं थोडे दिवस चालतात आणि मग माझ्या टेबलावर येतात, तेव्हा त्यांत वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. डीडीयूचा सल्ला बरोबर आहे, फुकट आहे, करून टाका. पण ९४००एफ मधला 'एफ' म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही. कार्ड काढून मदरबोर्डला केबल लावलीत तर अंधारच दिसेल आणि तुम्हाला वाटेल बोर्डही गेला.

आता मुद्द्याचं. ४१ नंबरची नोंद सोडून द्या. बटण दाबून मशीन तुम्हीच बंद करताय, विंडोज पुढच्या वेळी उठल्यावर तेच लिहून ठेवतं. ४१०१ असती तर गोष्ट वेगळी. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने उठवतं, आणि त्यातून सावरलं की ती नोंद येते. तुमच्याकडे सावरणं नाहीच.

कार्डाची मेमरी खराब झाली असती तर स्क्रीनवर ठिपके, चौकटी, रंगीत रेघा दिसल्या असत्या, पुष्कळदा अगदी बायोसच्या, म्हणजे विंडोज उठण्याआधीच्या स्क्रीनवरही. ६ जीबी कमी पडली असती तर रिझॉल्व्हने जीपीयू मेमरी भरल्याचा निरोप दिला असता. स्क्रीन काळी, पंखे पूर्ण वेगात आणि गाणं चालू, हे तिन्ही एकत्र आले की मी आधी वीज बघते. बाकी मशीन जिवंत आहे, कार्ड मात्र मध्येच गळून पडलंय, आणि पंख्यांना आवरणारं कुणी राहिलेलं नाही.

दोन गोष्टी सांगा. कार्डाच्या ८ पिनच्या पॉवर सॉकेटला वायर कुठून आली आहे? आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत?

बार्शीचा एडिटर
ताई, एसएमपीएसला ८ पिनची वायर नाहीच. दोन मोलेक्सचा (जुन्या हार्डडिस्कला लागायची ती ४ पिनची तोंडं) कन्व्हर्टर आहे, कार्ड विकणाऱ्याने फुकट दिला होता. दोन्ही तोंडं एकाच वायरवर लावलीत. स्टिकरवर १२ व्ही, १५ ए.

सोल्डरताई
सापडला चोर. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. ४५० नुसते खोक्यावर. १६६० सुपर एकटं १२५ वॅटचं, प्रोसेसर ६५, वर हार्डडिस्क आणि पंखे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, बाकीचं सगळं त्या फुकटच्या कन्व्हर्टरमधून येतंय. क्लिपा कापताना, जोडताना कार्ड आळसावून बसलेलं असतं. नॉइज रिडक्शन त्याला पिळून काढतं. म्हणून हळद लागते आणि वरात अडते.

पैसे घालण्याआधी खात्री करून घ्या. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तीच वरात रेंडरला लावा. वेळ जास्त लागेल, पण पार पडली तर दुकानदाराचं 'कार्ड मेलं' तिथंच संपलं. मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये लावा. रेंडर चालू असताना ११.४ च्या खाली गेलं तर एसएमपीएस बाद. त्याचं झाकण मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असतात.

निवृत्त वायरमन काका
कार्डाचं ताईंनी सांगितलंच. मला त्या मुंग्या खटकल्या. "त्याचं काही नाही" कसं? भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही असं दिसतंय. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या, पण चालू मशीनला एचडीएमआय लावता-काढताना तेवढ्यानेही पोर्ट जाऊ शकतं.

वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घे बाळा. तो सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून "झालं साहेब" म्हणाला तर त्याला हाकलून दे. मागे कुठे न्यूट्रल तुटली की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात.

बार्शीचा एडिटर
लिमिट ७० वर ठेवून रात्री रेंडर लावला. अख्खी वरात पार, घोड्यासकट! मग लिमिट परत १०० केली आणि शेजारच्या टीव्ही मेकॅनिकचा मीटर लावला. नॉइज रिडक्शन सुरू होताच ११.१, आणि बघता बघता काळी स्क्रीन. कन्व्हर्टर काढला तर एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. काका, वायरमन रविवारी येतोय.

५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस बघतोय, दोन ८ पिन आहेत. यूपीएस तोच चालेल ना?

सोल्डरताई
६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमचं मशीन आणि मॉनिटर भर रेंडरमध्येही त्यात बसायला हवेत. पण चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचून घेणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह देतो. काही जोड्यांचं जमत नाही, लाइट गेली की मशीन रीस्टार्ट होतं. एसएमपीएस आला की साधं काहीतरी उघडून यूपीएसचा प्लग काढून बघा. गिऱ्हाइकाचा प्रोजेक्ट उघडा असताना नको. आणि स्टिकरवर १२ व्होल्टसमोरचा आकडा वाचूनच पैसे द्या, ४० अँपिअरच्या पुढे असला की निर्धास्त.

फ्रेमड्रॉप
मग त्या कन्व्हर्टरचं काय करायचं? माझ्याकडे पण तसलाच आहे 😅

सोल्डरताई
कात्रीने मधोमध कापा आणि मग कचऱ्यात टाका. अख्खा टाकलात तर कुणीतरी उचलून पुन्हा विकेल. आणि तुमच्या कार्डाचं मॉडेल काय आहे, ते आधी सांगा.