सही माझी, अंग माझं, चिठ्ठी मात्र तिसऱ्याची

उंबरठा_२७

काल इथेच सर्जन भाऊसाहेब_एमएस यांनी लिहिलं, "नुसत्या सहीवर लिंगबदलाची शस्त्रक्रिया करायची म्हणजे सर्जनचा न्हावी करायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, कापा म्हणालं, कापलं." त्यावर किती जणांनी टाळ्या पिटल्या! मला झोप लागेना, म्हणून हे लांबलचक.

मी पारलिंगी पुरुष, वय सत्तावीस. टॉप सर्जरीला, म्हणजे छातीच्या शस्त्रक्रियेला, चौदा महिने झाले. शस्त्रक्रियेआधी मागतात ती मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी तुम्हाला सुरक्षेची भिंत वाटते, ती मी कशी मिळवली ते ऐका. पहिल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिसऱ्या खेपेला विचारलं, "लग्न करून बघितलंस का?" दुसरे म्हणाले, आईला घेऊन ये. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला माझी सही चालली होती, माझ्या ऑपरेशनला तिची हवी! तिसऱ्यांनी फी घेतली आणि वीस मिनिटांत जीडी (जेंडर डिस्फोरिया) सर्टिफिकेट, म्हणजे तीच चिठ्ठी, हातावर ठेवलं, त्यात आडनाव चुकलेलं. या सगळ्यात सात महिने गेले.

ड्रेन (जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या) किती दिवस राहतात, निपलची संवेदना परत येईलच असं नाही, पुढे रिव्हिजन, म्हणजे दुरुस्तीचं ऑपरेशन, लागू शकते, यातलं एक अक्षर तिघांपैकी कुणी बोललं नाही. ते मला हैदराबादच्या एका मुलाच्या व्हिडिओवरून कळलं. ऑपरेशनच्या सकाळी इंग्रजी फॉर्म आला, नर्सने आधीच फुल्या मारलेला, "इथे, इथे आणि इथे." चिठ्ठी होती, सही होती, माहिती तेवढी नव्हती.

टीजी कार्डासाठी, म्हणजे पारलिंगी ओळखपत्रासाठी, कलेक्टरला माझं शपथपत्र पुरलं, २०२० च्या नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. अर्जेंटिनात २०१२ पासून कायदाच आहे: प्रौढ माणूस, नीट समजावून घेतलेली संमती, बास. ना कोर्ट, ना बोर्ड. तिथले सर्जन वस्तरा घेऊन चौकात बसलेत का?

भाऊसाहेब_एमएस

न्हावी शब्द लागला असेल तर मागे घेतो. मुद्दा घेत नाही. कलेक्टर कागद बदलतो, आणि कागद पुन्हा बदलता येतो. मी जे काढतो ते परत लावता येत नाही. शिवाय दंडविधानाचं कलम ३२० आठवतंय का कुणाला? गंभीर दुखापतीच्या यादीत पहिलंच नाव पुंसत्वनाशाचं. आता न्याय संहितेत ११६ झालं, यादी जवळपास तीच. उद्या नातेवाईक दगड घेऊन दवाखान्यात घुसले तर ती चिठ्ठी हीच माझी ढाल. एकतीस वर्षं प्रॅक्टिस केली आहे, दगड पाहिले आहेत.

उंबरठा_२७

आभारी आहे. चिठ्ठी माझ्यासाठी नसून तुमच्यासाठी आहे, हे एकदाचं बाहेर आलं.

सांजवात

मी कुणाच्या विरोधात नाही, आधीच सांगते. पण माझ्या बहिणीची मुलगी दहावीपासून "मी मुलगा आहे" म्हणत होती. केस कापले, नाव बदललं, घरात रोज महाभारत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आपणहून म्हणाली, मावशी, तसं नव्हतं गं. मधल्या काळात कुणी नुसत्या सहीवर करून दिलं असतं तर? अठरा पूर्ण म्हणजे अक्कल पूर्ण असं थोडंच असतं?

उंबरठा_२७

ताई, तुमच्या भाचीने केस कापले आणि ते वाढले. तिला कुणी ऑपरेशन टेबलावर नेलं नव्हतं. अठराव्या वर्षी मतदान चालतं, मुलीचं लग्न लावून दिलेलं चालतं, त्या लग्नाला कुणी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागत नाही.

सांजवात

लग्न मोडता येतं.

पाटोद्याची_लेक

चिठ्ठीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. माझ्या मावशीची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. पांढरं जात होतं, एवढीच तक्रार. "ठेवली तर कॅन्सर होईल," म्हणाले. ऊसतोडीला कारखान्यावर निघायला बारा दिवस होते, उचल घेतलेली, तिकडे खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. कुणी विचारलं का तिला, नीट विचार केलास का म्हणून? दोन तज्ज्ञ बसवले का? अंगठा घेतला, काढली. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली तेव्हा ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बाईचं गर्भाशय काढायला अंगठा पुरतो. बाई "मी पुरुष आहे" म्हणाली की त्याच गर्भाशयाला एकदम पहारा!

खवचट

धागा निघाला लिंगबदलाला, पोचला उसाच्या फडात. आता कुणीतरी उसाच्या दरावर, एफआरपीवर लिहा म्हणजे वर्तुळ पूर्ण.

गोदाकाठ

खवचटराव, तुम्ही गप्प बसा. बीडचं नाव निघालं की सगळे डॉक्टरांवर घसरतात. मुकादमाला कुणी हात लावत नाही. बाई बाजूला बसली की कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोडतो, म्हणून तोच मागे लागतो. माझे वडील सतरा वर्षं तोडीला गेले. कारखान्यावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या चार दिवसांत बाईने काय करायचं? कित्येक जणी स्वतःहून "काढून टाका" म्हणतात.

पाटोद्याची_लेक

स्वतःहून?? संडास नाही म्हणून पिशवी काढणारी बाई स्वतःहून काढते? भाऊ, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण ते तोडीला गेले तेव्हा भाकरी कोण थापत होतं आणि मोळ्या कोण वाहत होतं, तेही लिहा कधी.

गोदाकाठ

माझ्या आईवर जायचं काम नाही.

पाटोद्याची_लेक

आईवर नाही, आईच्या बाजूने बोलतेय.

भाऊसाहेब_एमएस

सगळे डॉक्टर कसाई हे ठरलंच असेल तर मी निघतो. पण जाता जाता: बीडमध्ये तो प्रकार उघड झाल्यावर प्रशासनाने काय केलं? पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लावली. म्हणजे काय लावलं? चिठ्ठीच! नुसता अंगठा पुरत नाही याचा याहून मोठा पुरावा कुठला? तुम्ही माझीच बाजू मांडताय, ताई.

पाटोद्याची_लेक

परवानगी आल्यावर माझी चुलती शेजारच्या जिल्ह्यात जाऊन काढून आली. घ्या चिठ्ठी.

उंबरठा_२७

डॉक्टरसाहेबांचा हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य करताना दात दुखतात. अंगठ्याला मी संमती म्हणतच नाही. मावशीला खोटं सांगितलं, मला काहीच सांगितलं नाही. रोग एकच, औषध मात्र तुम्ही दोन्हीकडे पहारेकरी वाढवायचं देता.

वकीलीण_बाई

आईला आणायला लावलं, तेवढ्यापुरतं लिहिते. समीरा कोहली खटला, सर्वोच्च न्यायालय, २००८. बाई तपासणीसाठी भुलीखाली होत्या, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. न्यायालय म्हणालं, प्रौढ रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असताना आईची संमती चालणार नाही. तेव्हा आईची सही मागणारे कायद्याला धरून वागत नव्हते. पण अति खूश होऊ नका. किती माहिती द्यायची याबाबत न्यायालयाने अमेरिकेइतका कडक निकष नाकारलाय, पुरेशी दिली की झालं. आणि ११६ ची भीती दाखवणाऱ्यांनी त्याच संहितेचं कलम २६ वाचावं: रुग्णाच्या हितासाठी, संमतीने, सद्भावनेने केलेलं कृत्य. वर २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्याचं कलम १५ सरकारलाच ही शस्त्रक्रिया उपलब्ध करून द्यायला सांगतं.

भाऊसाहेब_एमएस

कलम २६ दगड अडवत नाही, बाई.

निर्वाणी_साताऱ्याची

मी तिसऱ्या पंथातली. तुमचं फॉर्म आणि चिठ्ठी वाचून हसू येतं. माझं निर्वाण, म्हणजे आमच्यातलं लिंग काढण्याचं ऑपरेशन, झालं तेव्हा ना चिठ्ठी होती ना भूल देणारा डॉक्टर. बाहेरच्या राज्यात एका खोलीत झालं, तिसऱ्या दिवशी एसटीने परत. लघवीच्या जागी आजतागायत त्रास आहे. चिठ्ठी का नाही काढली विचाराल तर, एका डॉक्टरने खुर्चीवर बसू दिलं नाही. चिठ्ठी मागणाऱ्यांना वाटतं, चिठ्ठी नाही तर ऑपरेशन नाही. तसं नसतं. चिठ्ठी नाही तर असलं ऑपरेशन. तमिळनाडूत सरकारी दवाखान्यात फुकट करतात म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणींना तिकडची भाषा येऊ लागली.

सांजवात

हे वाचून मला काही सुचत नाहीये. माझं मत बदललं नाही. पण सुचत नाहीये.

खवचट

तुम्हाला खुर्ची न देणाऱ्या डॉक्टरला न्हावीसुद्धा म्हणू नका. न्हावी खुर्ची देतो.

भाऊसाहेब_एमएस

साताऱ्याच्या बाईंचं वाचलं. दुपारची झोप गेली. ठीक. डब्ल्यूपॅथ या पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शक नियमांच्या आठव्या आवृत्तीत तज्ज्ञांच्या दोन पत्रांचं एक केलं, ते मला पटत नव्हतं. एक पुरे, चला. एकही नको, हे या जन्मी जमणार नाही. आणि ते एक पत्र लिहिणाऱ्याने ड्रेनपासून सगळं मराठीत समजावलं पाहिजे. त्यासाठी दोन तास लागतील. ओपीडीत माणशी चार मिनिटं मिळतात, तेव्हा ते दोन तास कुठून आणायचे, हे मात्र उंबरठा यांनी सांगावं.

उंबरठा_२७

त्या "लग्न करून बघितलंस का" वाल्या तीन बैठका धरून माझे चार तास गेले. त्यातूनच आणा.

पाटोद्याची_लेक

वकीलीण बाई, मावशीचे कागद ट्रंकेत आहेत. डिस्चार्ज कार्ड आहे, अंगठ्याचा कागद पण आहे. वाचून काही निघेल का?

वकीलीण_बाई

फोटो काढून निरोपात पाठवा. नाव झाका.

भाऊसाहेब_एमएस

मलाही पाठवा. अक्षर डॉक्टरचं असणार, त्यांना लागणार नाही.