कृत्रिम हृदयझडपेची चकती प्लास्टिकची का?

प्रश्न (कुतूहल):
ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) निकामी झाल्यामुळे माझ्या आत्याला 'चित्रा' ही कृत्रिम झडप बसवली आहे. रात्री पंखा बंद असला, की तिच्या उशाशी बसणाऱ्यालाही हलकी टिकटिक ऐकू येते. या झडपेची चकती पॉलिएथिलिनची असते, असे कळले. दिवसाला सुमारे एक लाख वेळा आपटणाऱ्या भागासाठी एखादा कठीण पदार्थ का निवडला नसावा?

उत्तर (जुनापुराणा):
टिकटिक पहिल्यापासूनचीच आहे. चार्ल्स हफनागेल यांनी 1952 साली वॉशिंग्टनमध्ये पिंजऱ्यात गोळी असलेली झडप रुग्णाला बसवली, तेव्हा तिचा आवाज आसपासच्यांनाही ऐकू येत असे. पुढे 1960 मध्ये पोर्टलंडचे शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि निवृत्त अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांनी तसाच पिंजरा मायट्रल झडपेच्या जागी बसवला. एडवर्ड्स खरे तर संपूर्ण कृत्रिम हृदय करायचे म्हणून आले होते. आधी एक झडप तर करू, असे स्टार यांनी सुचवले. मात्र गोळी जागा फार अडवते आणि रक्ताला तिला वळसा घालून जावे लागते, म्हणून नंतर कलती चकती, म्हणजे कलून रक्ताला वाट देणारी चपटी तबकडी, आली.

उत्तर (सांधेजोड):
वरील माहितीत एक भर घालतो. हफनागेल यांची झडप मूळ झडपेच्या जागी नव्हे, तर खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसवली जाई, कारण हृदय उघडून काम करता येईल असे हृदय-फुप्फुस यंत्र तेव्हा हाताशी नव्हते. त्यामुळे रक्ताची उलटी गळती अंशतःच थांबे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने कठीण पदार्थच आधी वापरून पाहिला होता. नीलमण्याची चकती टायटॅनियमच्या चौकटीत बसवली, तर चकती शाबूत राहून टायटॅनियमच झिजू लागले. चौकट कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची केली, तर चाचणीत चकतीच फुटली. एकूण तीन नमुने बाद झाल्यावर चौथ्यात तीच मिश्रधातू ठेवून चकती अतिउच्च रेणुभाराच्या (फार लांब रेणुसाखळ्यांच्या) पॉलिएथिलिनची केली, आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्या रुग्णाला बसवली गेली. हा पदार्थ चिवट आहे, आपटण्याचा धक्का स्वतः पचवतो आणि समोरच्या धातूला खात नाही. आत्याबाईंची टिकटिक हलकी आहे, तीही त्याचमुळे.

कुतूहल:
म्हणजे झडपेत एकट्या चकतीचा नव्हे, तर चकती आणि चौकट या जोडीचा विचार करावा लागतो. आभारी आहे.