काजूवरून कॅश्यू की कॅश्यूवरून काजू?

सत्तरीची_सून:
मुलगी आठवीत आहे. तिचं म्हणणं, काजूचे रोख पैसे मिळतात म्हणून इंग्रजीत 'कॅश्यू'. शेजारचे काका म्हणतात, इंग्रजांनी आपलाच 'काजू' उचलला. खरं काय?

उर्राक_प्रेमी:
रोख पैशाचा संबंध एवढाच, की हंगामात तो आमच्या खिशातून काजूच्या फळांची दारू, म्हणजे उर्राक, गाळणाऱ्या भाटीवाल्याच्या खिशात जातो.

वाळपईचा_बागायतदार:
ताई, दोन्ही नाही. झाड मूळचं ब्राझीलचं. तिथल्या तुपी भाषेत त्याला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगिजांनी झाडाबरोबर नावही घेतलं, त्याचं 'काजू' केलं आणि सोळाव्या शतकात दोन्ही आपल्या किनाऱ्यावर आणून टाकलं. आपण नाव आहे तसं ठेवलं, इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'कॅश्यू' झालं. म्हणजे ही भावंडं, बाप पोर्तुगीज. केरळात तर सरळ 'परंगी अंडी' म्हणतात, फिरंग्यांची बी!

मला खरी गंमत वाटते ती शास्त्रीय नावाची: ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटेल. 'ॲनाकार्डियम' हे युरोपातल्या औषधवाल्यांकडे आधी आपल्या बिब्ब्याचं नाव होतं, त्यात ग्रीक भाषेतलं हृदय आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये ते काजूला दिलं आणि पुढे 'पश्चिमेकडचं' असं जोडलं. आता सांगा, ओल्या काजूगरांना आपण गोव्यात काय म्हणतो? बिब्बे! नवख्या झाडाला बिब्ब्याचं नाव तिकडेही आणि इकडेही. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही. दोन्ही एकाच कुळातली (आंबाही त्यातलाच), आणि टरफलातलं तेल अंगावर उततं तेही बिब्ब्यासारखंच. ओल्या बिया सोलणाऱ्या बायकांची बोटं बघा, पुस्तक उघडायची गरज नाही.

सत्तरीची_सून:
मी घाटावरची. सासूबाई पहिल्यांदा 'बिब्ब्यांचं तोणाक' (वाटपाची रस्साभाजी) म्हणाल्या तेव्हा मला धोब्याचा, कपड्यावर खूण करायचा बिब्बा आठवला. धसकाच घेतला होता! मुलीला वाचून दाखवलं. ती विचारते, काजूच्या फळाला म्हणतात तो 'बोंडू' शब्दसुद्धा पोर्तुगीज का?

वाळपईचा_बागायतदार:
मला तो घरचाच वाटतो. कापसाचं बोंड म्हणतो ना, त्यातला.

उर्राक_प्रेमी:
बोंडूचं कूळ कुठलंही असो, तुमच्या बागेत खाली पडून कुजत असतील तर कळवा.