शब्दचर्चा : ब्रेकच्या लायनरची ‘झीज’ की ‘घर्षण’?

सातपूरहून प्रश्न

मी पदविकेच्या मुलांना यंत्र अभियांत्रिकी शिकवते. एका गटाने मराठीत प्रकल्प लिहिला आहे, घायपाताचे तंतू घालून केलेल्या ब्रेक-लायनरवर, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर. त्यात वाक्य आहे : “तंतू घातल्यामुळे लायनरचे घर्षण कमी झाले.” मुलांना म्हणायचे आहे की लायनर कमी घासले गेले. पण घर्षण कमी झाले तर गाडी थांबणार कशी? इथे नेमका शब्द कोणता? ‘अपघर्षण’ चालेल का?

पंचवटीहून

ताई, शब्द घरचाच आहे : झीज. भूगोलात नदीची झीज आणि भर आपण सगळेच शिकलो. घर्षण ही क्रिया, झीज हे तिचे फळ. ‘घासणे’ या क्रियापदात दोन्ही मिसळतात, मुलांचा गोंधळ तिथूनच झाला असावा.

देवघरातली सहाण आठवा. चंदन उगाळताना पाण्याच्या दोन थेंबांत खोड झिजते, गंध उतरते. सहाणही झिजते, पण इतकी हळू की आजीच्या सहाणेला मध्यभागी पडलेला खळगा नातवाला दिसतो. ब्रेकमध्ये लायनर म्हणजे खोड आणि ड्रम म्हणजे सहाण. झिजायचे ते स्वस्त, बदलता येणाऱ्या लायनरने. म्हणून ‘झिजणे’ आणि ‘झिजवणे’ वेगळे ठेवा : चांगले लायनर स्वतः बेताने झिजते आणि ड्रमला झिजवत नाही.

‘अपघर्षण’ सगळ्या झिजेला लावू नका. कठीण कणाने मऊ पृष्ठ खरवडले जाते, तेवढ्यापुरताच तो शब्द. दोन पृष्ठे चिकटून तुकडा उपटला जातो, तीही झीजच, पण ते अपघर्षण नव्हे.

अंबडहून

पंचवटीच्या सरांचे बरोबर आहे. आमच्या गॅरेजात ‘लायनर घासले’ म्हणजे संपत आले, आणि ‘पॅडने डिस्क खाल्ली’ म्हणजे डिस्कवर चरे पडले (डिस्क-ब्रेकात लायनरच्या जागी पॅड, ड्रमच्या जागी डिस्क). ‘खाल्ली’ हा शब्द गिऱ्हाइकाला लगेच कळतो, बोट फिरवले की चरा हाताला लागतो.

सातपूरहून

दोघांचेही आभार. मोजमापही हेच सांगते. फिरत्या तबकडीवर नमुन्याची पिन दाबून धरतात, आधी आणि नंतर तिचे वजन करतात. त्यावरून येणारा विशिष्ट झीजदर घनमिलिमीटर प्रति न्यूटन-मीटरमध्ये लिहितात. घर्षण किती, हे सांगणाऱ्या घर्षणगुणांकाला मात्र एककच नसते. एकाला एकक आहे, दुसऱ्याला नाही, मग दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

आणखी एक. मुलांनी ‘घायपाताचे तंतू’ लिहिले होते, मी ‘वाख’ सुचवला. घायपात हे बांधावरचे झाड, त्याच्या पानातून निघतो तो वाख, ज्याची दावी आणि चऱ्हाटे वळतात. ‘तंतुप्रबलित संमिश्र’ हा शब्दही मुलांना जड वाटला. मातीत भुसा घालून भिंत लिंपतात, म्हणजे ती तडकत नाही, असे सांगितल्यावर ‘प्रबलित’ चटकन उमगला. इथे मातीच्या जागी फिनॉलिक रेझिन, म्हणजे सगळे बांधून धरणारी कृत्रिम राळ, आणि भुशाच्या जागी वाख. वाख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुतात. त्याने वरचे मेण निघते, पृष्ठ खडबडीत होते आणि रेझिन पक्के धरते. पकड सैल राहिली की तंतू उपटून निघतात आणि झीज वाढते.

पंचवटीहून

‘वाख’ वाचून फार बरे वाटले. तो शब्द ठेवाच. एक शंका : ब्रेक तापला की हा वाख टिकतो का?

सातपूरहून

तिथेच तो कमी पडतो. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वनस्पतिजन्य तंतूंचे घटक विघटित होऊ लागतात, मग झीजही झपाट्याने वाढते. शिवाय वाख पाणी शोषतो. प्रकल्पात मी आता वाक्य असे करून घेतले आहे : “वाख घातल्यावर झीज कमी झाली, घर्षणगुणांक जवळपास तेवढाच राहिला.” आता ब्रेक तापून पकड कमी होते त्याला काय म्हणावे? ‘मंदावणे’?

अंबडहून

सप्तशृंग गडावरून पायथ्याच्या नांदुरीला घाट उतरणारे ड्रायव्हर म्हणतात, “ब्रेक तापले, धरत नाहीत.” ताई, ‘न धरणे’च लिहा.