विषय: मंडळाच्या कार्यालयाचे इंटरनेट फोन, फायबरची पेटी कुठे?

सचिव:
मंडळी, तांब्याची लाइन गेली ती गेलीच. खांबावरच्या डब्यात सगळं हिरवंगार झालंय. वायरमन म्हणाला, आता जोडू तरी कशाला? फायबर घ्यायचं ठरलंच आहे, नंबर तोच राहील. फोन चार हवेत: कार्यालय, वाचनालय, रंगमंचामागे आणि गेटवर. कोटेशन सोबत जोडलंय. पेटी वाचनालयाच्या कपाटामागे बसवायची म्हणतो. चतुर्थीआधी व्हायला हवं, शनिवारपर्यंत बोला.

भाऊ (वाचनालय):
कपाटामागे जागा नाही. पंख्याच्या वेळीही हेच सांगितलं होतं, तेव्हाही कुणी ऐकलं नाही. दुसरं, वाचनालयातला जुना लाल फोन मी देणार नाही. गेल्या पावसात माड तारेवर पडून दोन दिवस लाइट नव्हती, तेव्हा अख्ख्या वाड्यात तोच एक वाजत होता. तुमचा इंटरनेट फोन लाइट गेल्यावर वाजेल का, एवढंच सांगा.

मास्तर (फोंडा):
भाऊंचा प्रश्न रास्त आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट याच तारेतून यायचे, त्याला घरच्या विजेशी देणंघेणं नव्हतं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. म्हणजे फायबरची पेटी, राउटर, स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी पेटी), फोन, सगळ्यांना आपणच वीज पुरवायची.

म्हणून आयपी फोन, म्हणजे थेट नेटवर्कच्या केबलला लागणारे, घेणार असाल तर पीओई स्विच घ्या. नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज जाते, प्रत्येक टेबलाखाली विजेचा अडॅप्टर नको. यूपीएस एकच, स्विचजवळ. सगळं मिळून ४५ वॉटच्या आसपास ओढेल. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास), म्हणजे ८४ वॉट-तास. कागदावर पावणेदोन तास दिसतात, पण तासाभराच्या वर जाईल असं धरू नका. हॉलच्या इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची आहे, तिच्यावर टाका, रात्र निघेल. फक्त इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट गेली की पेट्या पुन्हा चालू होत बसतील आणि बोलणं मधेच तुटेल.

माई:
हॉलच्या इन्व्हर्टरवर काहीही टाकू नका! मागच्या चतुर्थीला कुणीतरी त्याच सॉकेटमध्ये चहाची किटली लावली आणि आरतीच्या मधोमध अंधार. कुणी ते मला माहीत आहे, लिहीत नाही. त्या बोर्डाला कुलूप लावा, मग फोन बसवा.

खजिनदार:
माई, किटली मी लावली नव्हती, तेव्हाही सांगितलं होतं. मुद्दा वेगळा आहे. लाइन गेली, पण जुने फोन अजून धड आहेत, नवे कशाला? कोटेशनमधला, जुने फोन इंटरनेटला जोडणारा दोन पोर्टचा अडॅप्टर घेऊन मोकळे होऊ.

मास्तर:
खजिनदारसाहेब, त्या कोटेशनमध्येच घोळ आहे. दोन्ही पोर्ट 'एफएक्सएस' लिहिलेत. एफएक्सएस फोनला डायलटोन देतं. बाहेरची लाइन आपल्या छोट्या एक्स्चेंजमध्ये (आतले फोन एकमेकांना जोडणारी पेटी) घ्यायला 'एफएक्सओ' लागतं. फायबरच्या पेटीला फोनचं एक भोक असतं, त्यातून तार काढून एफएक्सओमध्ये घालायची. दिसायला दोन्ही भोकं सारखीच, म्हणून दुकानदारही चुकतात. नुसत्या त्या पेटीला चार फोन एकात एक जोडलेत तर चारही एकदम वाजतील आणि कॉल इकडून तिकडे देता येणार नाही. नाटकाची तिकिटं विचारणाऱ्याचा कॉल वाचनालयात कसा पाठवणार?

आणखी एक. राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिप एएलजी' नावाचं, इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारं बटण असेल तर बंद करा. माझ्या भाच्याच्या गेस्ट हाउसमध्ये इंटरनेट फोन बसवला, तर पाहुण्याचा आवाज येई, आपला त्याला ऐकू जात नसे. महिनाभर फोनच बदलत बसले, दोष या बटणाचा होता.

दुबईहून:
नमस्कार मंडळी. इथे व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, म्हणून मी लँडलाइनवरच करतो. इंटरनेट फोन आहे तर मलाही एक एक्स्टेन्शन (आतला नंबर) द्या ना. कार्यालय बंद असेल तेव्हा इथून तिकिटांची नोंदणी घेतो, आणि गावात आईला फोन करायचा तर तोही त्यावरूनच होईल.

मास्तर:
नको रे बाबा. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणून इथल्या लाइनवर सोडायला सरकारी परवाना लागतो. परवान्याशिवाय केलं तर पोलीस येतात, मंडळ म्हणून सोडत नाहीत. आपलं एक्स्चेंज आवाराच्या आतच राहू दे. बाहेरून उघडं ठेवलं आणि १०१ नंबरच्या एक्स्टेन्शनचा पासवर्डही १०१च असला, तर रात्रीत कुणीतरी आपल्या खर्चाने जगभर फोन करतो.

सचिव:
दुबईचा विषय बंद. गेटवर फोन नकोच, रखवालदाराकडे मोबाइल आहे आणि तेवढी लांब उघडी केबल म्हणजे आकाशातल्या विजेला आमंत्रण. म्हणजे तीन फोन. पेटी कुठे, हे कुणीच सांगितलं नाही.

भाऊ:
लाल फोनचं काय?

मास्तर:
भाऊ, तुमचा चकतीचा आहे. बरेच अडॅप्टर चकतीचे टकटक ओळखत नाहीत, म्हणजे त्यावरून नंबर लागेलच असं नाही. पण आलेला फोन वाजेल, बोलताही येईल. एफएक्सएसचा एक पोर्ट त्याच्यासाठी ठेवू.

भाऊ:
मी फोन करतोच कधी? मला येतात. पंचांग हवं, पुस्तक हवं, कालची पेपरातली कात्रणं हवीत. वाजला म्हणजे झालं, आणि घंटा हॉलपर्यंत ऐकू यायला हवी. पेटी कपाटावर ठेवा, मागे नाही. वरचे दिवाळी अंक मी काढून देतो, पण ते कार्यालयात ठेवायचे नाहीत. किल्ली माझ्याकडे.

खजिनदार:
कोणती किल्ली? बोर्डाची की कपाटाची?

माई:
बोर्डाची माझ्याकडे.

सचिव:
शनिवारी चार वाजता. मास्तर, मोजपट्टी घेऊन या, कपाटापासून रंगमंचापर्यंत किती केबल लागते ते बघू. नवं कोटेशन एफएक्सओसह मागवलंय.